यादीतलं पहिलं नाव

बबडीचं नाव आजही यादीत सगळ्यात वर होतं.

धाकटीने कात्री टेबलावर आपटली. शाळेच्या गणवेशाचे चौदा शर्ट बाह्यांवाचून तसेच पडले होते आणि टॅबवर पुतणीचं नाव झळकत होतं. बबडी, चौथी, अठ्ठ्याण्णव टक्के. त्याखाली धाकटीची लेक. चिऊ, चौथी, ब्याण्णव टक्के.

गणिताच्या सरावाची ही ऑनलाइन वर्गणी आधी भरली थोरल्या जावेने. थोरली वरच्याच मजल्यावर राहायची. सकाळी दातांच्या डॉक्टरांकडे पेशंटची नावं लिहून घ्यायची आणि दुपारी जेवून तासभर पडायची. जिन्यात भेटली की सहज बोलल्यासारखं म्हणायची, "आमची बबडी बसते हं रोज. मला सांगावंसुद्धा लागत नाही."

हे तीनदा ऐकल्यावर चौथ्या दिवशी धाकटीनेही वर्गणी भरली.

पहिले काही दिवस चिऊच बसली. पण ती एकेका गणितापाशी रेंगाळायची. बोटं मोडायची, छताकडे बघायची, उत्तर लिहून पुसायची. एकदा शेजारी बसून बघताना धाकटीचा जीव टांगणीला लागला.

"अगं, वेळ संपतोय! सरक, मी दाखवते. बघ आणि शीक."

"आई, मला येत होतं."

"दिसलं मला, किती येत होतं ते."

आधी फक्त अवघड गणितं, मग सगळीच. कापडाचे पाव-पाऊण इंच मोजण्यात जिची पंधरा वर्षं गेली, तिला चौथीचे अपूर्णांक काय जड? शेवटी चिऊ नुसती शेजारी बसून राहायला लागली, तेव्हा धाकटीच म्हणाली, "जा, वर बबडीशी खेळ जा. माझ्या तोंडाकडे बघत बसू नकोस."

चिऊ रोज तिनाला वर जायची आणि पाचाला खाली यायची. तेवढ्यात धाकटी मशीन बंद ठेवून वीस गणितं उडवायची. तरी यादीत बबडी पुढेच. सराव चालू असल्याचा तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका दुपारी लागला की धाकटीच्या अंगाची लाही व्हायची.

"लहान पोरींची यादी ती," तिचा नवरा म्हणाला. तो फ्रिज दुरुस्त करायचा आणि घरी आल्यावर फार बोलायचा नाही. "तू कशाला जळतेस?"

"जळत नाहीये मी. पण मला सांगा, ती बबडी दुकानातून सुटे पैसे धड मोजून आणत नाही आणि इथे अठ्ठ्याण्णव?"

मग ती चिऊकडे वळली. "बघ, बघ तिच्याकडे. एकाच घराण्यातल्या तुम्ही दोघी. तिचं डोकं कसं चालतं बघ!"

चिऊ मान खाली घालून जेवत राहिली.

त्यानंतर चिऊला ताप आला. आठवडाभर अंथरुणावर होती. थोरली रोज दुपारी सूप घेऊन खाली यायची, तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसायची. धाकटीला कृतज्ञ वाटायला हवं होतं. पण तिचं लक्ष टॅबकडे होतं. त्या आठवड्यात बबडीचा हिरवा ठिपका एकदाही लागला नाही.

धाकटीला एकदम लख्ख दिसलं. जाऊ खाली असली की गणितं बंद! म्हणजे ही बाई दुपारी झोपत नाही, लेकीच्या नावाने स्वतः गणितं सोडवते. आणि वर जिन्यात मिरवतेसुद्धा!

तिने त्याच दिवशी कंपनीला लिहिलं. नाव दिलं नाही. 'या खात्यावर मूल स्वतः गणितं सोडवत नाही, चौकशी व्हावी.' पाठवताना तिला जराही अपराधी वाटलं नाही. ती स्वतः चिऊला नुसती मदत करत होती. मदत वेगळी.

चिऊ बरी होऊन पुन्हा वर जायला लागली, त्यानंतर चार दिवसांनी दुपारी थोरली खाली आली. डोळे लाल झाले होते. शर्टांचा ढीग बाजूला सारून ती मशीनपाशीच बसली.

"कंपनीतून फोन आला गं. म्हणाले, मुलीला कॅमेऱ्यासमोर पाच गणितं सोडवू द्या. बबडीला एक भागाकार आला नाही. एकसुद्धा! खातं बंद केलं त्यांनी."

"अगं बाई," धाकटी म्हणाली. "मग इतके दिवस कोण करत होतं?"

"तेच तर! मी आतल्या खोलीत पडलेली असायची. मला वाटायचं, पोरगी बसते. विचारलं तर नुसती रडतेय. मी शेजारीपाजारी सांगत सुटले, आता तोंड कुठे लपवू?"

काय नाटकी आहे, धाकटी मनात म्हणाली. वरकरणी तिने जावेच्या पाठीवर हात फिरवला, पाणी दिलं, दारापर्यंत पोचवलं. दार लावल्या लावल्या टॅब उघडला.

बबडी यादीत नव्हती. पहिल्या नंबरचा सोनेरी मुकुट चिऊच्या नावावर आला होता.

जिन्यात धावती पावलं वाजली. चिऊ आत आली ती थेट कापडाच्या ढिगावर कोसळली आणि हमसून हमसून रडायला लागली. तापातसुद्धा ती अशी रडली नव्हती.

"अगं वेडे, रडतेस काय?" धाकटीने टॅब तिच्यापुढे धरला. "हे बघ! तू पहिली आलीस!"

चिऊने टॅब हाताने बाजूला सारला.

"ती तू आहेस, आई," ती म्हणाली. "यादीतली बबडी मी होते."