उस्ताद शेवटी बोलतात

"त्याले सकाळपासूनच ताप होता," प्रेरणा म्हणाली. "त्यानं कोणालेच सांगतलं नाही. दवाखान्यात अंग पेटलं होतं ना, तो तोच ताप."

मैदानात गोल बसला होता. नऊ पोरं आणि उस्ताद. प्रेरणा सगळ्यात धाकटी, म्हणून पहिली पाळी तिची. उस्तादांची सगळ्यात शेवटी. या दोघांच्या मध्ये आज नागोराव बसले होते, मांडी घालून, टोपी गुडघ्यावर. इंद्रजितचे वडील. आठ दिवसांपूर्वी इंद्रजित मैदानाबाहेरच्या चढावर कोसळला आणि दिग्रसला दवाखान्यात नेल्यावर तासाभरात गेला. "माह्या पोराचं काय झालं, ते मले ऐकू द्या," एवढंच मागून नागोराव आले होते.

देवसिंग उस्तादांनी फौजेत अठ्ठावीस वर्षं काढली. निवृत्त होऊन दारव्हा रोडवर भरतीची तयारी करून घेणारं केंद्र उघडलं, तेव्हा फौजेतून एक गोष्ट त्यांनी जपून आणली होती. कसरत संपली की गोल. तिथं त्याला डीब्रीफ म्हणत. काय ठरलं होतं, काय झालं, काहून झालं, उद्या काय बदलायचं. गोलात कोणाला शिक्षा नाही. धाकट्यानं आधी बोलायचं, कारण मोठा आधी बोलला की बाकीचे त्याचीच री ओढतात.

"हे कीर्तन नाही," उस्ताद पोरांना बजावत. कीर्तन तर त्यांच्या जिवाचं. सप्ताह कुठंही असो, उस्ताद पहिल्या रांगेत. "तिथं बुवा चाल देतात अन् मागचे टाळकरी तेच धरतात, तवाच गोड लागते. इथं सगळ्यांच्या तोंडून एकच सूर निघाला, तं समजा, खोटं बोलून राह्यले."

आणि पोरं खरं बोलत. एकदा बंटीनं तोंडावर म्हटलं होतं, "उस्ताद, आम्ही नाही उशिरा आलो. तुमची घडीच पुढं पळून राह्यली, भरती तिलेच करा." पोरं लोळून हसली. उस्तादांनी घड्याळ तपासलं. सात मिनिटं पुढं होतं. त्यांनी सगळ्यांसमोर वीस दंड काढले.

आज बंटीची पाळी आली. "ताप लपवला त्यानं," तो मातीकडे पाहत म्हणाला. "आम्हाले माहीत असतं, तं कसरतीत स्ट्रेचरले हात लावू दिला नसता."

तिसरा तेच बोलला. चौथाही.

उस्ताद एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागले. ताप नव्हताच; अंग पेटलं ते उन्हानं. त्या दिवशी वाळूचं पोतं बांधलेलं स्ट्रेचर चौघांनी चढावरून न्यायचं होतं. एप्रिलचं ऊन, अकरा वाजलेले. अर्ध्या चढावर इंद्रजितनं दांडी खाली ठेवली. "उस्ताद, डोकं गरगरून राह्यलं." ते सगळ्यांनी ऐकलं. उस्तादांचं उत्तरही सगळ्यांनी ऐकलं. "नाटकं करू नको. दुश्मनालेही असंच सांगशील काय? उचल!"

इंद्रजितनं उचललं. शंभरेक पावलं चालला.

आठ दिवस उस्ताद देवापुढं बसत होते आणि हे एक वाक्य त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. गोलात निघेल, त्यांना वाटलं होतं. एखादं पोरगं बोलेल. मग आपण नागोरावांचे पाय धरू. पुढं पोलीस, कचेरी, जे व्हायचं ते होवो.

सातवा बोलला. आठवा बोलला. तोच ताप, तेच लपवणं, शब्दही तेच. उस्तादांना कळलं. पोरं आधीच कुठंतरी गोल करून बसली होती, त्यांच्यावाचून. त्यांनी आपल्या उस्तादाला वाचवायचं ठरवलं होतं. एवढी माया कोणावर करावी, कोणावर नाही, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

नववा बोलून थांबला.

"उस्ताद," प्रेरणा हळूच म्हणाली. "तुमची पाळी."

उस्तादांनी तोंड उघडलं. नऊही पोरांचे डोळे त्यांच्यावर लागले होते. एवढी विनवणी त्यांनी कधी कोणाच्या डोळ्यांत पाहिली नव्हती.

"मलेही माहीत नव्हतं," उस्ताद म्हणाले.

मग नागोरावांनी टोपी झटकली आणि डोक्यावर ठेवली.

"वीस वर्षं झाली, बुवांच्या मागं टाळ घेऊन उभा राह्यतो," ते म्हणाले. "सगळ्यांचा सूर एक लागला, की मी समजतो, आता यात खोट नाही. बरं झालं आलो. मनात तुमच्याबद्दल भलतंसलतं येत होतं, उस्ताद. माफ करा."

"भाऊ..."

"ऐका. त्या दिवशी तो उठतच नव्हता. म्हणे, बाबा, आज अंगात दम नाही, आज नाही जात. मीच चादर ओढली. म्हटलं, उस्तादाले काय तोंड दाखवशील, चाल ऊठ. ताप असंल, हे ध्यानातच नाही आलं. कपाळाले हात लावून नाही पाह्यला मी."

उस्ताद अर्धवट उठले. नागोरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं, जसं आजारी माणसाला बसवावं तसं.

"बसा, तुम्ही काहून उठता? त्याची माय आठ दिवसांपासून तुमच्या नावानं बोटं मोडून राह्यली. जातो आता घरी. तिले सांगतो, तिचं पोरगं कोणानं मारलं ते."