दसऱ्याचा हार

दसऱ्याच्या दुपारी आप्पांची खुर्ची रिकामी दिसली आणि शैलजा अनवाणीच फाटकाकडे धावली. सासऱ्यांना हल्ली रस्ते आठवत नसत, आणि दारातली ती इवलीशी, चालकाविना चालणारी विजेची गाडी बसेल त्याला, तो सांगेल तिथे घेऊन जाई.

गाडी जागेवरच होती! सकाळी पूजेत शैलजानेच घातलेला झेंडूचा हार गाडीच्या पुढच्या कॅमेऱ्यावर घसरला होता. पुढचं दिसत नाही म्हणून गाडी हललीच नव्हती. आत आप्पा आपट्याची पानं घेऊन ऐटीत बसले होते.

"आईला सोनं द्यायला निघालोय. काय गाडी आहे! एक हादरा नाही."

शैलजाचा जीव भांड्यात पडला. ती शेजारी बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "आलं घर, आप्पा."

आप्पा उतरले. पानं तिच्या हातावर ठेवत म्हणाले, "लवकर पोचलो गं, आई."