गुरुवारचा आकडा

"आधी खा, मग कागद," महरजिया बाई म्हणाल्या आणि लबलाबीचा, हरभऱ्यांच्या रश्श्याचा, वाडगा त्यांनी वन्नासच्या पुढ्यात ठेवला.

ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरच्या जर्जीसच्या बाजारात वन्नासचं मोबाइल-दुरुस्तीचं दुकान होतं. त्याला आणि त्याच्या धाकट्या भावाला, लस्सादला, बाईंनीच शाळेत गणित शिकवलं होतं. दहा आठवड्यांपूर्वी, एका बुधवारी, लस्साद आणि बाईंचा मुलगा नादिर एकाच बोटीतून इटलीकडे निघाले. बोटीचा पत्ता नाही. तेव्हापासून वन्नासला भूक लागत नव्हती आणि रडूही येत नव्हतं. नुसता बधिर झाला होता.

त्याने हरभरे गिळले. चव कळली नाही.

"आणि पाव काय तुझा बाप खाणार?"

पाव संपला तेव्हा कुठे बाईंनी चिठ्ठी काढली. १७३२७२०२९७.

नादिरचं मेसेजचं खातं शेवटचं कधी वापरलं गेलं, त्याची ती नोंद. गाबेस शहरातला पुतण्या शोधून फोनवर सांगतो, असं बाई म्हणत. संगणक वेळ अशीच लिहितो, १९७० सालापासूनच्या सेकंदांत. बोटीच्या दुसऱ्या दिवशी बाई पहिला आकडा घेऊन आल्या, तेव्हा वन्नासने हे समजावलं होतं. दिवसाचे सेकंद त्याने सांगताच त्या झटकन म्हणाल्या, "म्हणजे आठवड्याचे सहा लाख चार हजार आठशे. पुढचं तू बघ बाबा, माझं डोकं आता चालत नाही."

त्या आकड्यातून बोटीच्याच दिवसाची तारीख निघाली होती. पुढच्या गुरुवारपासून मात्र तारीख पुढे सरकू लागली, आणि वन्नास गुरुवारी तरी पोटभर जेवू लागला.

त्याने आकडा संगणकात टाकला.

"सत्तावीस नोव्हेंबर. कालचीच. दुपारी चार अकरा."

"पुन्हा बुधवार! सुट्टी असणार रे त्याची."

"बाई, नादिर आहे म्हणजे आमचा लस्सादही..."

"असणारच. वेगळं बसवलं तरी एकाच बाकावर सापडायची ती कार्टी." बाईंनी वाडगा उचलला. "पुढच्या गुरुवारी मासे आणते. पोट रिकामं ठेव."

त्या गेल्या. मागच्या चिठ्ठ्या खिळ्याला टोचलेल्या होत्या. ही टोचताना हातातून निसटली आणि उलटी पडली.

मागे पेन्सिलीने, फळ्यावरच्या त्याच वळणदार अक्षरात, बेरीज मांडली होती. वर मागच्या गुरुवारचा आकडा, खाली सहा लाख चार हजार आठशे, आणि दोन ठिकाणी हातचा एक.