चांगला रिपोर्ट

रंभाबाईंनी दुसरी पुरणपोळी ताटात टाकली, वर तुपाची धार सोडली, आणि रजनीच्या पोटात कळ उठली.

"खाय पोरी. आता कशाची भीती? रक्तात सगळं चांगलं आलं ना."

सासूच्या बोलण्यात खोट नव्हती, हेच तर अवघड होतं. चिडून वाढलं असतं तर नाही म्हणता आलं असतं. मायेनं वाढलेलं कसं ढकलायचं? त्यात ही पोळी साधी नव्हे, कानबाई देवीच्या रोटाची, प्रसादाची. घरातल्या माणसागणिक मूठ मोजून दळलेले गहू. भाऊबंदांपलीकडे कुणाला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, गुरांपुढेही ठेवायचे नाहीत, खाऊनच संपवायचे. सकाळी कानबाईला तापीवर पोचवून आल्यापासून जसोंडीच्या त्या घरात सगळे जेवतच होते. आता बायकांची पंगत भिंतीला पाठ लावून बसली होती. सगळ्यांत थोरल्या सोजरबाई उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही, असा दंडक. सोजरबाईंना दात नव्हते. त्या चवीचवीनं, निवांत जेवत होत्या.

संडास अंगणाच्या पार टोकाला. रजनीनं बसल्या जागी तिथवरची पावलं मोजली. बावीस.

तीन वर्षं तिच्या आतड्याला सूज होती. मधूनच उसळायची, शौचावाटे रक्त पडायचं, मग गोळ्यांनी दबायची. इंदूरच्या डॉक्टरांनी या खेपेला नवीन तपासणी करून घेतली. आजार पुढं वरचेवर उसळेल की शांत राहील, याचा अंदाज म्हणे रक्तावरून बांधता येतो. आठ दिवसांपूर्वी रिपोर्ट आला. ती शांत राहणाऱ्यांत निघाली. "हा अंदाज आहे," डॉक्टर फोनवर म्हणाले होते, "गोळ्या सोडू नका. रक्त दिसलं तर लगेच या." तिच्या नवऱ्यानं, अनंतनं, शेवटची दोन वाक्यं ऐकली की नाही देव जाणे. त्यानं बुऱ्हाणपुरातून किलोभर मावा जिलेबी आणली आणि बुधवारची इंदूरची अपॉइंटमेंट रद्द करून टाकली. रंभाबाईंनी कानबाईला नवस बोललेला होताच. गावभर सांगून झालं.

शुक्रवारी रक्त पुन्हा सुरू झालं. शनिवारी तिनं अनंतला सांगितलं. त्यानं मोबाईलवर रिपोर्ट उघडून तिच्यासमोर धरला. "अगं, यात साफ लिहिलंय. तू टेन्शन घेऊन राह्यली, म्हणून होतंय ते." झालं! वाईट रिपोर्ट आला असता तर निदान आजारी तरी राहता आलं असतं. या चांगल्या रिपोर्टनं तिची दुखायचीही सोय ठेवली नव्हती.

तिनं तुकडा मोडला आणि तोंडात नुसताच घोळवत राहिली.

शेजारी तिची चुलत जाऊ मालूबाई बसली होती. डोईफोडियाहून आली होती, पंधरा वर्षांच्या कुसुमला घेऊन. कुसुमलाही हाच आजार, वर्षभरापासून. पोरगी वाळून काडी झाली होती, पण मान खाली घालून पोळी संपवत होती.

"रजनी, खरं सांग," मालूबाई कानाशी आली. "कानबाईनंच केलं ना हे?"

"काय?"

"तुह्या रिपोर्टचं. काकू सांगे, नवस बोलला अन् बिमारी उतरली. म्या बी बोलला काल, कुसुमसाठी. तिच्या गोळ्या कालपासून बंदच करून टाकल्या. देवीले सांगायचं अन् वरतून गोळ्याबी घ्यायच्या, म्हनजे आपला भरोसा नही असं होते ना?"

रजनीनं सासूकडे पाहिलं. बोलावं तर रोटाच्या पंगतीत, सगळ्या भाऊबंदांच्या बायकांसमोर, सासूचा नवस खोटा पाडायचा. तिला भीती वाटली, आणि त्या भीतीची लाजही वाटली. सोजरबाई आणखी खीर मागत होत्या.

कुसुमनं डावा हात ओढणीखाली नेला आणि पोट दाबून धरलं. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून ती ताटाकडेच बघत होती. रजनीही सकाळपासून तेच करत होती.

"ताई, तिच्या गोळ्या चालू करा. आजच्या आज."

"काहून वं?"

"माझं रक्त थांबलेलं नाही." आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "शुक्रवारपासून पडतंय. रिपोर्ट पुढचा अंदाज सांगतो. आज काय होतंय ते नाही सांगत. मला इंदूरला जायचंय."

सगळ्या बायका तिच्याकडे वळल्या. सोजरबाईंचा हातसुद्धा थांबला. दारातून अनंत म्हणाला, "पण आई, रिपोर्ट तर..." रंभाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

तुपाचं भांडं घेऊन त्या रजनीसमोर उकिडव्या बसल्या. आता रागावतील, नाहीतर रडतील, असं रजनीला वाटलं. रंभाबाईंनी तिच्या ताटातली पोळी उचलून स्वतःच्या हातावर घेतली.

"तीन दिवस झाले, तुह्ये कपडे मीच धुऊन राह्यली पोरी," त्या हळूच म्हणाल्या. "मले काय रक्त दिसत नही? पन म्हटलं, आपन दोघी बोललो नही, तं ते खोटं होऊन जाईन."