भिंतीवरची लढाई

टेसा मूळची वसईची, दुबई मरीनातल्या एका थाई रेस्टॉरंटची मॅनेजर. तिथल्या भिंतभर रंगवलेल्या लढाईची गोष्ट ती गिऱ्हाइकांना मोठ्या हौसेने सांगायची. सयामचा, आजच्या थायलंडचा, राजपुत्र लहानपणी ब्रह्मदेशात ओलीस होता; मोठेपणी हत्तीवर बसून त्याच ब्रह्मी फौजेवर तुटून पडला.

नवी वेट्रेस खिन म्यानमारची, म्हणजे त्याच ब्रह्मदेशाची. येता-जाता ती चित्रापाशी थबकायची आणि तिचे डोळे भरून यायचे. आपल्या माणसांची हार रोज बघायची म्हणजे जिवाला लागणारच, असं टेसाला वाटलं. तिने मालकाला कसंबसं पटवलं.

"खिन, उद्या पेंटर येतोय. ही भिंत पांढरी करून टाकू. खलास!"

खिनने तिचा हात घट्ट धरला.

"नको मॅडम! हत्तीसमोर पडलेला तो शिपाई हुबेहूब माझ्या भावासारखा दिसतो. भावाला घरातून ओढून लष्करात नेलं. तेव्हापासून त्याचा फोनच लागत नाही."

टेसाने त्या शिपायाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

खिन हलकेच म्हणाली,

"इथे तरी हत्तीचा पाय अजून खाली आलेला नाही."