ठिकाणाचा रकाना

फोटो अप्रतिम होता. बंद पडलेल्या दगडखाणीच्या कपारीत शृंगी घुबडाची मादी बसली होती आणि तिच्या पंखाआडून दोन पिल्लं डोकावत होती. सोबत खाणीपर्यंतचा नकाशाही होता. जिल्ह्याच्या ऑनलाइन पक्षी-मार्गदर्शिकेसाठी लोकांनी पाठवलेल्या नोंदी मृणालताई हौसेनं, एक पैसा न घेता तपासत. त्यांनी नोंद परत पाठवली. 'घरट्याची जागा आपण छापत नाही. फोटो, नकाशा काढा. फक्त तालुका लिहा.'

तासाभरात गुरुनाथचं, म्हणजे नोंद पाठवणाऱ्याचं, उत्तर आलं. 'मॅडम, तीन आठवडे उन्हातान्हात भटकलोय मी. घरात पंख्याखाली बसून नियम झाडायला काय जातंय? तुम्ही आयुष्यात कधी घुबडाचं घरटं पाहिलंय का?'

मृणालताई चिडल्या नाहीत. त्यांनी आधी चहा घेतला आणि मग त्याला स्वतःचीच नऊ वर्षांपूर्वीची नोंद पाठवून दिली. फोटो, गाव, ओढा, गाडी लावायची जागा, सगळं त्यात मोठ्या कौतुकानं लिहिलेलं होतं. त्याखाली पंधरा दिवसांनी त्यांनीच जोडलेली ओळ होती : 'रविवारी एकोणीस गाड्या आल्या. मादी अंडी सोडून उडाली, ती परतली नाही.'

तिसऱ्या दिवशी गुरुनाथची नोंद पुन्हा आली. फोटो नव्हता, नकाशा नव्हता. पक्षी : शृंगी घुबड. पिल्लं : दोन, खुशाल. ठिकाणाच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, 'कुणालाही सांगणार नाही.'

नियमानं तालुका तरी लागतोच. मृणालताईंनी तो न विचारताच नोंद मंजूर केली.