दाराआडचा खोकला

कलावंताने अर्धंच सांगावं, उरलेलं विश्व रसिक आपल्या प्रतिभेने उभं करतो, असं मी चाळीस वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. खरं म्हणजे माझ्या त्या गाजलेल्या कथेला मला शेवटच सुचला नव्हता. बंद दाराआड कोणीतरी खोकतं, आणि कथा संपते.

परवा दुपारी वाचनालयात तीच वाचली आणि श्रोत्यांना चिठ्ठ्या वाटल्या. "दाराआड कोण आहे, ते तुम्ही लिहा."

"म्हणजे मेहनत आमची आणि टाळ्या तुम्हाला!" शिंपीकाका म्हणाले.

ग्रंथपालबाई चिठ्ठ्या वाचू लागल्या. "हिरव्या स्वेटरातली किडकिडीत बाई. गुंड्या वरखाली लागल्यात." सगळे हसले.

दुसऱ्या चिठ्ठीत हिरवा स्वेटर होता. तिसरीतही.

"एकमेकांचं बघून लिहिलंत होय?" बाई म्हणाल्या. कोणी हसलं नाही.

सहावीत लिहिलं होतं, की तिने भावाचा चहा बशीने झाकून ठेवलाय.

ती कथा मी लिहीत होतो, तेव्हा माझी धाकटी बहीण शेजारच्या खोलीत अंथरुणाला खिळली होती. तिच्या खोकल्याने तंद्री मोडते म्हणून मधलं दार मीच लावून घेतलं. ती गेल्यावरही हे कोणाला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

श्रोते एकोणीस होते. बाईंनी विसावी चिठ्ठी उलगडली आणि न वाचताच माझ्याकडे दिली. ते अक्षर ओळखायला मला चष्मा लागला नाही.

"दादा, लिहून झालं असेल, तर दार जरा उघडशील?"